महिन्याला चार फेऱ्या : व्यायामशाळेच्या वर्गणीचे एक प्रकरण

ग्राहक आपल्या पैशाचा हिशेब नीट करतो की नाही, हे तपासायला बाजारात फारशा सोयीच्या जागा मिळत नाहीत. एखाद्याने महागडा कोट घेतला, तर तो त्याला किती आवडला हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो, आणि आवडीची किंमत ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. त्यामुळे ‘हा खर्च अविवेकी आहे’ असे म्हणणे सोपे, पण सिद्ध करणे अवघड. व्यायामशाळेची वर्गणी याला अपवाद आहे. तेथे तीच जागा, तीच यंत्रे आणि तोच वेळ दोन-तीन वेगवेगळ्या दरपत्रकांनी विकला जातो, आणि ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू किती वापरली याची नोंद दारातच होते. कोणते दरपत्रक कोणाला स्वस्त पडले असते, हे नंतर साध्या भागाकाराने सांगता येते.

स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हा भागाकार केला. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांनी एप्रिल १९९७ ते जुलै २००० या काळात कोणता करार निवडला आणि ते कोणत्या दिवशी आले, याच्या नोंदी त्यांनी मिळवल्या आणि त्यावरचा अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज त्या नोंदींना पाव शतक उलटून गेले आहे. तरीही ग्राहकाच्या वागण्याचे इतके स्वच्छ प्रकरण मला दुसरे ठाऊक नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो. त्या सभासदांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण माझेही असेच एक सभासदत्व होते. ते कसे संपले, ते शेवटी येईल.

ग्राहकासमोर तीन वाटा होत्या. पहिली मासिक वर्गणीची. दरमहा ७० डॉलरहून थोडी अधिक रक्कम क्रेडिट कार्डावरून आपोआप वळती होई आणि सभासद स्वतः थांबवत नाही तोवर ती वळती होतच राही. थांबवायचे असेल तर व्यायामशाळेत समक्ष जाऊन तसे कळवावे लागे किंवा पत्र पाठवावे लागे. दुसरी वाट वार्षिक वर्गणीची. तिच्यात साधारण दहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरून बारा महिने मिळत, आणि वर्ष संपले की करारही संपे. पुढे चालू ठेवायचे असेल तर सभासदाने पुन्हा पैसे भरायचे. तिसरी वाट सभासद न होता येण्याची. एका वेळचे १२ डॉलर, किंवा दहा वेळांचा पास १०० डॉलरला, म्हणजे एका फेरीला १० डॉलर.

मासिक वर्गणी भरणारे सभासद सरासरी महिन्याला ४.३ वेळा आले. त्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडली. तीच फेरी, त्याच दारातून, दहा डॉलरला मिळत होती. सभासदत्वाच्या पूर्ण काळात अशा सभासदाने सरासरी ६०० डॉलर जास्तीचे भरले. पास घेतला असता तर स्वस्तात सुटले असते असे सभासद दर शंभरात ऐंशीच्या घरात होते. ही काही एक-दोन आळशी माणसांची गोष्ट नव्हती. जवळजवळ सगळे गिऱ्हाईकच तसे होते.

आता यावर पहिली प्रतिक्रिया अशी येते की लोकांना हिशेब जमत नाही. ही प्रतिक्रिया चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे पाहिल्यावरच प्रकरणाचे तोंड उघडते. मासिक करार घेतलेल्या सभासदांच्या एका छोट्या पाहणीत त्यांना विचारण्यात आले की, तुम्ही महिन्याला किती वेळा याल असे तुम्हाला वाटते. सरासरी उत्तर साडेनऊ वेळा असे आले. हा आकडा खरा धरून कागद-पेन्सिल घ्या. महिन्याला साडेनऊ फेऱ्या पासावर केल्या तर ९५ डॉलर होतात, वर्गणी भरली तर ७० च्या थोडे वर. म्हणजे वर्गणीच स्वस्त. सात-आठ फेऱ्यांच्या पुढे जाणाऱ्या कोणालाही वर्गणीच घ्यायला हवी होती, आणि यांचा सरासरी अंदाज सात-आठच्या बराच पुढचा होता. भागाकार, गुणाकार, तुलना, सगळे बरोबर होते. चुकला तो फक्त हिशेबात घातलेला आकडा, आणि तो आकडा स्वतःविषयीचा होता. प्रत्यक्षातल्या फेऱ्या अंदाजाच्या निम्म्याही भरल्या नाहीत.

आपल्याकडे अशा माणसाला ‘आरंभशूर’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण तो दोष स्वभावावर ढकलून मोकळा होतो. हजारो माणसांची चूक एकाच दिशेने होत असेल, कोणी चारचा अंदाज करून साडेनऊ वेळा येत नसेल, तर तेथे स्वभावापेक्षा काहीतरी अधिक पक्के असले पाहिजे. निव्वळ अंदाज चुकण्याची गोष्ट असती तर काही वर चुकले असते, काही खाली, आणि सरासरीत चूक विरघळून गेली असती.

दुसरे कोडे पहिल्याहून मोठे

जास्त पैसे भरण्याचे कोडे सर्वांच्या डोळ्यांत भरते. माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा दुसऱ्याच ठिकाणी आहे आणि त्याकडे बहुतेक वाचकांचे लक्ष जात नाही.

मासिक आणि वार्षिक या दोन करारांतला फरक पुन्हा पाहा. वार्षिक सभासदाला दोन महिने फुकट मिळतात. मासिक सभासद ते सोडून देतो. कशाच्या बदल्यात? मन बदलले, बदली झाली, गुडघा दुखावला, तर कोणत्याही महिन्यात बाहेर पडण्याची मोकळीक हवी म्हणून. वर्षाला दोन महिन्यांची वर्गणी ही त्या मोकळिकीची किंमत आहे. म्हणजे मासिक करार घेणारा माणूस स्वतःच सांगत असतो की मी लवकर सोडून जाण्याची शक्यता आहे. मग वर्ष उलटल्यावर कोण जास्त संख्येने टिकून असायला हवे? उघडच वार्षिकवाले. प्रत्यक्षात झाले उलटे. वर्षाच्या पुढेही सभासद राहण्याची शक्यता मासिक करारवाल्यांत वार्षिक करारवाल्यांपेक्षा १७ टक्के जास्त निघाली. ज्यांनी दार उघडे राहावे म्हणून जास्तीचे पैसे मोजले, तेच आत अडकून राहिले.

याला जोडून आणखी एक आकडा येतो. ज्या मासिक सभासदांनी अखेर करार रद्द केला, त्यांची शेवटची फेरी आणि रद्द करण्याचा दिवस यांत सरासरी २.३ महिने गेले. त्या काळात एकदाही दारात पाऊल न टाकता त्यांनी सरासरी १८७ डॉलर भरले. लक्षात घ्या, हे ज्यांनी रद्द केले त्यांच्याविषयी आहे. यांना परत जायचे नव्हते, हे त्यांच्याच कृतीने सिद्ध झाले आहे. तरीही दोन बिले निघून गेली.

आता कोणतेही स्पष्टीकरण द्यायचे तर त्याने या तिन्ही गोष्टींचा उलगडा करायला हवा. महाग फेरी, मोकळ्या करारातला दीर्घ मुक्काम आणि मधले ते रिकामे दोन महिने. एका गोष्टीला लागू पडणारी स्पष्टीकरणे पुष्कळ आहेत. तिन्हींना लागू पडणारे शोधताना एकेक गळत जाते.

मीटरचा त्रास, आणि तो येथे का पुरत नाही

सर्वांत प्रतिष्ठित स्पष्टीकरण असे की, लोकांना ठरावीक रक्कम एकदा भरून मोकळे होणे आवडते आणि त्यासाठी ते थोडे जास्तही मोजतात. टॅक्सीत बसल्यावर मीटर पडताना दिसतो तेव्हा प्रवासाची मजा जाते, हा अनुभव सर्वांचा आहे. ड्रेझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये पैसे देण्याच्या या वेदनेचा आणि उपभोगाच्या सुखाचा संबंध नीट मांडला. टेलिफोनच्या दरांबाबतही तेच दिसले होते. दर कॉलमागे पैसे भरणे स्वस्त पडेल अशी अनेक घरे ठरावीक मासिक दराचीच योजना घेतात, हे केनेथ ट्रेन, डॅनियल मॅकफॅडन आणि मोशे बेन-अकिवा यांनी १९८७ मध्ये दाखवले होते. तेव्हा व्यायामशाळेचा सभासद जास्तीचे सात डॉलर मोजतो ते बिनघोर मनाने यंत्रावर चढण्यासाठी, असे म्हणता येईल.

हे पटण्यासारखे आहे, पण एक शेजारचे उदाहरण ठेवून पाहावे. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने इंटरनेटसाठी तासाच्या हिशेबाने पैसे घेणे थांबवून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवा तेवढा वेळ देण्याची योजना आणली. लोकांनी इतका वापर केला की कंपनीच्या दूरध्वनी वाहिन्या तुंबल्या, जोडणी मिळेना, आणि काही आठवड्यांत राज्यांच्या महाधिवक्त्यांबरोबर तडजोड करून ग्राहकांना पैसे परत देण्याची कबुली द्यावी लागली. येथेही मीटर काढला गेला, पण वापर धो-धो वाढला. व्यायामशाळेत मीटर काढूनही वापर अंदाजाच्या निम्म्यावर राहिला. दोन्हीकडे एकच मानसिक सुख विकले जात असेल, तर परिणाम असा विरुद्ध का व्हावा?

फरक वस्तूत आहे. इंटरनेटचे सुख बसल्या जागी मिळते आणि त्याची किंमत, म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ, नंतर कळते. व्यायामाचे कष्ट आज होतात आणि त्याचे फळ काही महिन्यांनी मिळते. सुख आणि कष्ट यांची काळाच्या रेघेवरची जागा उलटली की तेच दरपत्रक एका ठिकाणी ओसंडून वापरले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी धूळ खात पडते. मीटर नकोसा वाटण्याच्या सिद्धान्तात काळाच्या या रेघेला जागाच नाही. शिवाय मोकळ्या करारातला दीर्घ मुक्काम आणि रिकामे दोन महिने यांबद्दल तो काहीच बोलत नाही.

दुसरे स्पष्टीकरण जास्त हुशार आहे. सभासदाला आपला आळस पक्का ठाऊक असतो, म्हणूनच तो आगाऊ पैसे भरून स्वतःला बांधून घेतो. दर फेरीला दहा डॉलर द्यायचे असते तर तो चार वेळाही आला नसता. असे लोक आहेत, यात शंका नाही. मात्र ज्याला आपला आळस ठाऊक आहे तो साडेनऊचा अंदाज देणार नाही. आणि स्वतःला बांधून घ्यायचेच असेल तर कधीही सोडता येणारा महिन्याचा करार तो कशाला घेईल? तो वर्षभराचाच करार घेईल, आणि वर दोन महिने वाचवील.

राहिले विम्याचे स्पष्टीकरण. पुढचे सांगता येत नाही म्हणून लवचीक करार, हे ठीक. पण १७ टक्क्यांच्या आकड्याने ते आधीच निकालात काढले आहे. लवचिकतेसाठी पैसे भरायचे आणि ती वापरायची नाही, याला विमा म्हणत नाहीत.

उद्याच्या माणसावर टाकलेले काम

तिन्ही गोष्टींना पुरून उरते ते एकच. माणूस आजचे कष्ट नेहमी अवाजवी मोठे मानतो, आणि उद्या आपण असे करणार नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. यातला पहिला भाग अर्थशास्त्रात रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांच्या १९५० च्या दशकातील लेखनापासून परिचित आहे आणि डेव्हिड लेबसन यांनी १९९७ मध्ये त्याला आज प्रचलित असलेले गणिती रूप दिले. दुसरा भाग, म्हणजे आपल्याच या खोडीबद्दलचे अज्ञान, टेड ओडोनोह्यू आणि मॅथ्यू रेबिन यांनी १९९९ मध्ये वेगळा काढून दाखवला. माझ्या दृष्टीने जास्त महाग पडतो तो हा दुसरा भाग. आळस सगळ्यांनाच असतो. ज्याला आपला आळस ठाऊक आहे तो पास घेतो आणि सुटतो. ज्याला वाटते की उद्यापासून आपण बदलणार आहोत, तो वर्गणी घेतो.

करार रद्द करण्याचे काम जवळून पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. समजा, एका सभासदाने दीड महिना व्यायामशाळेचे तोंड पाहिलेले नाही आणि आता पुरे झाले असे त्याने मनात ठरवले आहे. त्याला एक पत्र लिहायचे आहे, सही करायची आहे, सभासद क्रमांक कुठेतरी शोधायचा आहे, पाकीट आणि तिकीट आणायचे आहे. किंवा प्रत्यक्ष जायचे आहे, जिथे पुढच्या टेबलावरचा हसतमुख तरुण ‘काय, बरेच दिवसांनी!’ असे म्हणणार आहे. एकूण अर्ध्या-पाऊण तासाचा त्रास आणि थोडी शरम. दुसऱ्या पारड्यात काय आहे? महिन्याची वर्गणी ७० डॉलर धरली तर एक दिवस उशीर केल्याचे नुकसान सव्वादोन-अडीच डॉलर. खरे तर तेवढेही नाही, कारण पैसे महिन्यातून एकदाच वळते होतात. बाकीच्या दिवशी उशीर अगदी फुकट असतो. आज पत्र लिहिण्याचा कंटाळा अडीच डॉलरपेक्षा मोठा आहे, हे कोणीही मान्य करील. तेव्हा उद्या लिहू. उद्याचा हिशेबही हाच येतो, आणि परवाचाही. यातला एकही दिवस सुटा काढून पाहिला तर निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. ‘उद्या नक्की’ ही समजूत दररोज नव्याने खरी वाटते, म्हणून साखळी लांबत जाते. सत्तर दिवस अशा रीतीने सहज जातात, आणि आकडा सांगतो की सरासरी तेवढेच गेले.

वार्षिक करारात हीच साखळी सभासदाच्या बाजूने काम करते. तेथे काहीच न करणे म्हणजे बाहेर पडणे. आळस तोच, माणूसही साधारण तोच, फक्त हात कोणत्या बाजूला हलवावा लागतो एवढे बदलले. म्हणून मोकळा दिसणारा करार घट्ट बसतो आणि बांधून घालणारा करार वेळेवर सोडतो. दोन करारांची तुलना करताना ग्राहक किंमत पाहतो, सोयी पाहतो, यंत्रे मोजतो. करार संपवण्यासाठी कोणाला काय करावे लागेल, ही ओळ शेवटच्या पानावर असते आणि सगळा पैसा तिच्यातच दडलेला असतो.

येथे एक बारकावा नोंदवायला हवा. भरलेल्या पैशांची टोचणी माणसाला व्यायामशाळेत ओढून आणील, अशी एक भाबडी आशा असते. ती पूर्ण खोटी नाही. जॉन गॉर्व्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्ये दाखवले की, सहामाही पैसे भरणारे सभासद पैसे भरल्यानंतरच्या महिन्यात सर्वाधिक येतात आणि नंतर पुढच्या भरण्यापर्यंत त्यांचे येणे ओसरत जाते. खर्च झालेले पैसे कधीच परत येणार नसतात, तेव्हा त्यांच्यामुळे आजच्या निर्णयावर परिणाम व्हायला नको, असे शास्त्र सांगते. पण होतो, आणि येथे तो परिणाम तब्येतीच्या दृष्टीने चांगलाच आहे. गंमत अशी की ही टोचणी टिकवायला पैसे हाताने द्यावे लागतात. कार्डावरून आपोआप वळती होणारी रक्कम महिन्याच्या पत्रकात वीजबिल आणि टेलिफोन यांच्यामध्ये एका ओळीत बसते आणि तिची टोचणी कोणालाच जाणवत नाही. वर्गणीतून ग्राहकाला जो एक फायदा होऊ शकला असता, तोही या सोयीने नाहीसा केला.

विकणाऱ्याचा हात

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की व्यायामशाळांनी कट रचला. मला तसे वाटत नाही, आणि रचला असता तर प्रकरण सोपे झाले असते. देलाविन्या आणि माल्मेंडियर यांनीच २००४ मध्ये सैद्धान्तिक पातळीवर दाखवले होते की, ज्या वस्तूचे कष्ट आधी आणि फळ नंतर, ती विकणारा व्यापारी वापराचा दर खर्चाहून कमी आणि ठरावीक रक्कम जास्त ठेवील, कारण आपण भरपूर वापर करू या समजुतीत असलेल्या ग्राहकाला हेच दरपत्रक स्वस्त दिसते. म्हणजे दरपत्रक ग्राहकाच्या स्वतःविषयीच्या स्वप्नावर बेतलेले असते. व्यापाऱ्याने मानसशास्त्र वाचलेले असण्याची गरज नाही. चार दरपत्रके लावून पाहायची आणि जे खपते ते ठेवायचे, एवढ्याने तो तेथे पोहोचतो.

मग स्पर्धा काय करते? शेजारची व्यायामशाळा असा फलक का लावत नाही की, ‘तुम्ही महिन्याला चारदाच येणार आहात, आमचा पास घ्या’? एक तर असा फलक वाचून कोणाला आनंद होणार नाही. आपण साडेनऊ वेळा जाणार आहोत याची ज्याला खात्री आहे त्याला तो अपमान वाटेल. दुसरे, झेवियर गाबे आणि लेबसन यांनी २००६ मध्ये मांडलेला मुद्दा असा की, ग्राहकाला शहाणे करण्याचा खर्च एकाने करायचा आणि शहाणा झालेला ग्राहक मात्र जिथे सर्वांत स्वस्त पडेल तिथे जाणार. शहाणा ग्राहक कोणालाच फायद्याचा नसतो. नियमित येणाऱ्याचा विचार करा. जो महिन्याला पंधरा वेळा येतो त्याला फेरी पाच डॉलरच्याही आत पडते. ती स्वस्ताई त्याला न येणाऱ्यांच्या वर्गणीतून मिळते. सगळे सभासद अचानक आपल्या अंदाजाप्रमाणे येऊ लागले तर यंत्रांपुढे रांगा लागतील आणि वर्गणी वाढवावी लागेल, हे नियमित येणाऱ्याला माहीत नसले तरी तो या व्यवस्थेचा लाभार्थी आहे. तेव्हा दरपत्रक बदलावे अशी ओरड कोणाकडूनच येत नाही. गैरहजर माणूस तर तक्रार करायलाही हजर नसतो.

काय करून पाहिले गेले

उपाय दोन दिशांनी झाले. एक, माणसाला अंदाजापर्यंत नेण्याचा. गॅरी चार्नेस आणि युरी नीझी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना महिनाभरात आठ वेळा व्यायामशाळेत जाण्यासाठी १०० डॉलर दिले. पैसे थांबल्यानंतरही त्यांचे जाणे वाढलेलेच राहिले, आणि ही वाढ मुख्यतः आधी नियमित न जाणाऱ्यांत होती. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वेगळी युक्ती केली. ऐकत राहावेसे वाटेल अशा श्राव्य कादंबऱ्या फक्त व्यायामशाळेतच ऐकता येतील अशी सोय केली, म्हणजे कष्टाच्या जागी आजचे सुख नेऊन ठेवले. सुरुवातीला जाणे लक्षणीय वाढले. मग सत्रातली सुट्टी आली, आणि सुट्टीनंतर परिणाम ओसरला. नव्याचे नऊ दिवस, येथेही.

दुसरी दिशा बाहेर पडण्याचे दार रुंद करण्याची. संकेतस्थळावर सुरू केलेली वर्गणी संकेतस्थळावरच बंद करता आली पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जुलै २०१८ पासून लागू झाला. जर्मनीने मार्च २०२२ पासून असे ठरवले की पहिली मुदत संपल्यावर आपोआप वाढणारा करार ग्राहकाला जास्तीत जास्त महिन्याभराच्या सूचनेने सोडता आला पाहिजे, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून संकेतस्थळांवर करार रद्द करण्याचे बटण सक्तीचे केले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरासाठी तसाच नियम काढला, पण जुलै २०२५ मध्ये आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो कार्यपद्धतीतील त्रुटीवर रद्दबातल ठरवला. मला या दिशेचे उपाय अधिक आवडतात, कारण ते माणसाला सुधारण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पत्र, पाकीट आणि पुढच्या टेबलावरचा तरुण एवढे बाजूला केले की आजचा कंटाळा अडीच डॉलरच्या खाली येतो आणि ‘उद्या’ची साखळी सुरूच होत नाही. अर्थात बटण दाबण्यासाठी पत्रकातली ती ओळ आधी दिसावी लागते, आणि त्यावर कायद्याचा इलाज नाही.

एक आक्षेप मात्र मी सहज सोडून देणार नाही, कारण तो मला स्वतःला बराच काळ पटत असे. सभासदाने त्या पैशांत व्यायाम घेतलाच नसेल; ‘मी व्यायाम करणारा माणूस आहे’ ही ओळख घेतली असेल, आणि तिची किंमत महिन्याला सत्तर डॉलर नाही असे म्हणणारे आपण कोण? पाकिटातले ते कार्ड ही एक आशा असते आणि आशेला दर फेरीच्या हिशेबात मोजणे क्रूर आहे.

याची परीक्षा घ्यायची एक नामी जागा आहे. दर काही वर्षांनी क्रेडिट कार्डाची मुदत संपते, नवे कार्ड येते, आणि आपोआप वळती होणारी वर्गणी चालू ठेवायची असेल तर पुष्कळदा ग्राहकाला त्या नव्या कार्डाचा तपशील स्वतः भरावा लागतो. एरवी थांबण्यासाठी हात हलवावा लागतो. त्या एका महिन्यात चालू ठेवण्यासाठी हलवावा लागतो. किंमत, वस्तू, आशा, ओळख, काहीही बदललेले नसते. लिरान एइनाव्ह, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी निरनिराळ्या सेवांच्या वर्गण्यांची कार्डावरील नोंद पाहिली, तेव्हा नेमक्या या महिन्यांत वर्गण्या बंद होण्याचे प्रमाण एकदम उसळलेले दिसले. ज्यांना ती ओळख खरोखर हवी होती त्यांना सोळा आकडे भरणे जड नव्हते.

माझ्या सभासदत्वाचे तसेच झाले. मी एकोणीस महिने वर्गणी भरली होती, त्यांपैकी शेवटच्या आठ महिन्यांत मी एकदाच गेलो होतो, तेही कुलपाच्या कपाटात विसरलेले बूट आणायला. मग कार्डाची मुदत संपली. व्यायामशाळेकडून तीन आठवणपत्रे आली, प्रत्येकात नवा क्रमांक भरण्यासाठीचा दुवा होता आणि काम दोन मिनिटांचे होते. मी तिन्ही वेळा ठरवले की उद्या भरू.